विश्लेषण : घरच्या कोंबड्यांना एकच कोंबडा का पुरत नाही?

गावरान कोंबडीला ब्रॉयलरपेक्षा चांगला दर मिळतो. त्यामुळे परसात दहा-पंधरा कोंबड्या सांभाळून घरीच पिल्ले काढणारी कुटुंबे गावोगावी आहेत. तिथे कोंबडा निवडण्याची रीत मात्र उफराटी असते. सगळ्यांत वजनदार, लवकर वाढलेला नर आठवडी बाजारात किंवा जत्रेच्या जेवणात आधी जातो आणि मागे राहिलेला पुढच्या पिढीचा बाप होतो. म्हणजे निवड होतेच, पण उलट्या दिशेने.

त्यातही मागे राहतो तो बहुतेकदा एकच. दहा कोंबड्यांना एक नर हे प्रमाण अंडी फळण्यापुरते ठीक आहे. वाण टिकवायला ते अपुरे पडते.

आकडे काय सांगतात?

अनुवंशशास्त्रात यासाठी स्युअल राइट यांचे साधे सूत्र आहे. एक नर आणि दहा माद्या असतील, तर एका पिढीत अंतःप्रजनन सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. सावत्र भावंडांच्या मीलनातून होणाऱ्या पिल्लांत ते १२.५ टक्के असते, यावरून अंदाज यावा. माद्या दहाच्या वीस केल्या तरी आकडा १३ च्या खाली येत नाही. नर तीन केले, की तो साडेपाचच्या आसपास उतरतो. खुराडे वाढवण्यापेक्षा नर वाढवणे उपयोगाचे, ते यासाठी. अंतःप्रजनन साचत गेले की अंडी कमी फळतात, पिल्ले अशक्त निघतात, मर वाढते. दोष बहुधा हवेला किंवा खुडूक कोंबडीला दिला जातो.

मग तीन कोंबडे मोकळे सोडले तर?

उपयोग नाही. त्यांतला दांडगा नर बहुतेक कोंबड्या आपल्याकडे ठेवतो, इतरांना जवळ फिरकू देत नाही. मारामारीत तुरे फाटतात, कोंबड्यांच्या पाठीची पिसे जातात. कागदावर बाप तीन, प्रत्यक्षात एकच. शिवाय कोणते पिल्लू कोणाचे, हे कळायला मार्ग उरत नाही.

म्हणून नरांना वेगळे खुराडे हवे. एकत्र वाढलेले नर, आसपास माद्या नसतील तर, बऱ्यापैकी शांत राहतात. त्यांतला एकेक आळीपाळीने कोंबड्यांत सोडायचा. इथे घाई चालत नाही, कारण कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन ते तीन आठवडे टिकते. नर बदलल्यावर तीन आठवडे निघालेली अंडी खायला किंवा विकायला काढावीत. उबवायला ठेवायची ती त्यानंतरची.

दाण्याचा खर्च हा खरा आक्षेप आहे. बिनकामाचा नरही रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम खातो. माझ्या मते यावर उपाय एका घरात नाही, तीन घरांत आहे. माद्या ज्या त्या घरी राहतील. पहिल्या घरचा निवडलेला तरुण नर दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा पहिल्याकडे. दर पिढीला हेच चक्र. सोयरीक जुळवताना गोत्र-कूळ काटेकोरपणे पाहणाऱ्या गावाला हा नियम समजावून सांगावा लागू नये! फक्त नवा नर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवायचा आणि मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस झालेलाच घ्यायचा. गिरिराज, वनराजासारखे संकरित नर या चक्रात नकोत. त्यांचे गुण पुढच्या पिढीत एकसारखे उतरत नाहीत, आणि त्यांच्या संकराने गावरान कोंबडीची खुडूक बसण्याची सवयही कमी होऊ शकते.

नर नुसता तुरा पाहून निवडू नये. तो स्वतः अंडी देत नाही, पण अंड्यांचे गुण पुढे देतो. म्हणून त्याची आई आणि बहिणी किती अंडी देतात, पिल्ले किती जगवतात, हे पाहावे. सगळ्या नरांचे वजन एकाच वयाला, समजा बाराव्या आठवड्यात, करावे आणि निवडलेल्यांच्या पायात रंगीत कडी घालावी. हे काम गिऱ्हाईक दारात येण्याआधी उरकलेले बरे. एकदा भाव ठरला, की सगळ्यांत चांगला कोंबडा डालग्यातून बाहेर निघतोच.