सात हजार दगड, सात हजार झाडं



तुमच्या गावातल्या मोठ्या चौकात एके दिवशी कुणी सात हजार दगड आणून टाकले, तर काय होईल? आधी सगळे बघायला जमतील. मग कुरकुर सुरू होईल. हा पसारा कुणाचा? आता गाड्या कुठं लावायच्या? जर्मनीतल्या कासेल या शहरात १९८२ साली अगदी अस्संच झालं!

कासेलमध्ये दर पाच वर्षांनी 'डॉक्युमेंटा' नावाचं कलेचं मोठं प्रदर्शन भरतं. त्या वर्षी योझेफ बॉइस या जर्मन शिल्पकारांनी संग्रहालयासमोर बेसॉल्टच्या दगडी खांबांची रास घातली. लोक बुचकळ्यात पडले. यात शिल्प कुठं आहे? बॉइस यांचं म्हणणं असं, की शिल्प अजून घडायचंय आणि ते सगळ्या शहरानं मिळून घडवायचंय.

नियम एकच. शहरात एक झाड लावायचं, तेव्हाच राशीतला एक दगड हलवायचा आणि त्या झाडाशेजारी उभा रोवायचा. रास डोळ्यांत खुपतेय ना? मग झाडं लावा! आहे की नाही युक्ती?

या युक्तीमागं एक दुःखही होतं. दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर १९४३ मध्ये, बॉम्बहल्ल्यात जुनं कासेल जळून गेलं होतं. बॉइस स्वतः त्या युद्धात जर्मन हवाई दलात होते. पुढं शहर नव्यानं बांधलं गेलं, पण रस्ते-इमारती बांधल्या म्हणजे गाव पुन्हा जिवंत होतंच असं नाही.

एक झाड आणि एक दगड यांचा खर्च ५०० जर्मन मार्क. एवढा पैसा आणायचा कुठून? बॉइस यांनी रशियाच्या झारच्या मुकुटाची सोन्याची प्रतिकृती लोकांसमोर वितळवली आणि त्या सोन्याचा चक्क एक ससा ओतला! तो विकून आलेले पैसे झाडांना मिळाले.

झाड कुठं लावायचं, हे सुचवायला रहिवासी पुढं आले, शाळा आणि बालवाड्यासुद्धा आल्या. ओकबरोबर मेपल, लिंडेन, चेस्टनट अशीही झाडं लागली. जानेवारी १९८६ मध्ये बॉइस वारले. काम अर्धवट राहिलं का? छे! लोकांनी ते चालू ठेवलं. १२ जून १९८७ रोजी त्यांच्या मुलानं शेवटचं झाड लावलं, तेही पहिल्या झाडाच्या शेजारीच. रास संपली होती.

आता गंमत पाहा. तेव्हा दगड भारदस्त आणि रोप काटकुळं दिसायचं. आज दगड आहे तेवढाच, पण झाड त्याच्या कितीतरी वर गेलंय.

आणि हा बेसॉल्ट कोण, ठाऊक आहे? लाव्हारस थंड होऊन झालेला आपला काळा कातळ! सह्याद्री त्याचाच, वेरूळची लेणीही त्यातच कोरलेली. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर तर त्याचे उभे खांब दिसतात.

आपल्याकडं पावसाळ्यात वृक्षारोपण होतं, फोटो निघतात. पुढच्या जुलैत कित्येकदा त्याच खड्ड्यात नवं रोप लावावं लागतं. का? एप्रिल-मेच्या सुट्टीत पाणी घालायला कुणी नसतं. रोप वाळून गेलं, की तिथं काही होतं हेसुद्धा आपण विसरतो. शेजारी दगड असेल, तर तो विसरू देत नाही. एकटा उरलेला दगड येता-जाता विचारतो, "माझा सोबती कुठाय?"

तर यंदा एवढं कराच. चौघाचौघांचा गट करा. कडुनिंब, करंज, जांभूळ असं आपल्या मातीतलं एकच रोप लावा आणि शेजारी एक काळा दगड रोवा. सुट्टीत कुणी कोणत्या आठवड्यात पाणी घालायचं, हे खड्डा खणण्याआधीच वहीत लिहून काढा. मामाच्या गावाला जाणाऱ्यानं आपली पाळी दुसऱ्याला सांगून जायचं, बरं का! आणि आई-बाबांनो, एखादी बादली तुम्हीही उचला.

दर वर्षी शाळा सुरू झाली, की झाड आणि दगड यांची उंची मोजा. झाड ज्या वर्षी दगडाच्या वर जाईल, त्या दिवशी मला पत्र लिहायला विसरू नका.

तुमच्या,
बाई