खोडणाऱ्याची सही

आणीबाणीत मुंबईच्या सेन्सॉरला नाव होते : बिनोद राव. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाचा मजकूर त्यांनी अडवला. मसानी उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये, ‘मिसा’ या विनाचौकशी अटकेच्या कायद्याखाली माणसे आत जात असताना, जिंकले. न्या. मादन आणि न्या. कानिया यांच्या त्या निकालाचे कौतुक होते ते रास्तच आहे. पण मसानींना भांडता आले, कारण लाल पेन्सिल कोणाच्या हातात आहे हे त्यांना ठाऊक होते.

त्याआधी, २८ जून १९७५ला ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. काहीतरी खोडले गेले आहे, हे वाचकाला न सांगता कळले. मग सेन्सॉरने कोऱ्या जागेवरही बंदी घातली. मजकुरापेक्षा खाडाखोड झाकण्याची घाई अधिक! चीनमध्ये तर हे झाकणेच राज्ययंत्रणेचे नित्यकर्म. तिथे इंटरनेटवरचे पान उघडतच नाही, कोणी बंद केले ते विचारायला खिडकी नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये शांघाय-बीजिंगच्या रस्त्यांवर तरुण निषेध म्हणून कोरे कागद धरून उभे राहिले ते उगाच नव्हे.

आपल्याकडे न्यायालये आहेत, निवडणुका आहेत. आणि सरकारला इंटरनेटवरचा मजकूर रोखू देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ अ आहे. बंदीची कारणे लेखी नोंदवावी लागतात, म्हणजे आव्हान देता येते, असा हिशेब धरून सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते कायम ठेवले. पण याच कलमाखालच्या २००९च्या नियमांतला सोळावा नियम म्हणतो, तक्रार आणि कारवाई गोपनीय! लिहिणाऱ्याच्या हाती उरते ती ‘भारतात रोखले आहे’ एवढी पाटी. न पाहिलेल्या हुकमाविरुद्ध वकिलाने मांडायचे तरी काय?

वराचे शिक्षण, पगार भरला की हुंड्याचा भाव सांगणारे एक संकेतस्थळ होते. हुंड्याची टिंगल करायलाच ते काढले होते. सरकारला वाटले, हा हुंड्याचा प्रचार. २०१८ मध्ये याच कलमाखाली ते बंद झाले. चालवणारा पत्रकार दिल्ली उच्च न्यायालयात गेला. बंदीच्या हुकमाची प्रत त्याला द्या आणि त्याचे म्हणणे ऐका, असे न्यायालयाने सरकारला सांगितले तेव्हा २०२२ साल उजाडले होते.