तांब्यातलं ‘पाणी’ आणि केमिकल-फ्री साबण

दिवाळीच्या आसपास माझ्या टेबलावर हमखास एक-दोन साबणाच्या वड्या येतात. सुतळीने बांधलेल्या, वर वाळलेली गुलाबाची पाकळी आणि सोबत चिठ्ठी: ‘हाताने बनवलेला, १००% नैसर्गिक, केमिकल-फ्री.’ देणारी बहुतेक वेळा माझ्या एखाद्या छोट्या पेशंटची आई असते. मी आभार मानतो आणि मग न राहवून विचारतो, "कॉस्टिक सोडा कुठे ठेवता?"

उत्तरं ऐका. "ओट्याखाली." "बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे." "साखरेचा जुना डबा रिकामाच होता, त्यात."

हा लेख त्या उत्तरांसाठी आहे. काहींना तो बोचेल. बोचू दे.

एक घोट

चार वर्षांचा मुलगा. ओळख पटेल असे तपशील वगळतो. आईने एका रविवारी साबण बनवायची एक दिवसाची कार्यशाळा केली होती. मुलाच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून स्वतः केलेले साबण द्यायचे, अशी हौस. तिने कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवला. हे द्रावण आपोआप इतकं तापतं की वाफा येतात, म्हणून ते थंड व्हायला ठेवावं लागतं. तिने ते स्टीलच्या तांब्यात ठेवलं. तांब्या स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर.

मुलगा खेळून आला. तहान लागली होती. आपल्या घरात तांब्यात काय असतं?

एकच घोट. त्यातला निम्मा त्याने थुंकला. आजीने घाईघाईने लिंबूपाणी पाजलं, शेजाऱ्यांनी मिठाचं पाणी देऊन उलटी करवली. सगळ्यांनी मायेनेच केलं, आणि दोन्ही गोष्टींनी इजा वाढण्याचाच धोका होता. महिन्याभराने पोळीचा घास अडकायला लागला, मग भात, मग दूधही. अन्ननलिका भाजून आकसली होती. तेव्हापासून भूल देऊन, दुर्बिणीतून ती नळी रुंद करायची, काही आठवड्यांनी ती पुन्हा आकसायची, पुन्हा रुंद करायची, असं चालू आहे.

त्या आईने मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवलं. "पण डॉक्टर, त्या म्हणाल्या होत्या, यात केमिकल नसतं."

मला राग त्या आईचा येत नाही. मला राग त्या वाक्याचा येतो.

बिनकेमिकलचा साबण नावाची वस्तू नसते

तेल अधिक कॉस्टिक सोडा अधिक पाणी. यातून साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. कारखान्यातल्या साबणाचं मूळ रसायन हेच, आणि तुमच्या ओट्यावरच्या कोल्ड प्रोसेस साबणाचंही हेच. फरक इतकाच की इथे बाहेरून शिजवायचं नाही, मिश्रण आपल्याच उष्णतेने साच्यात हळूहळू साबण बनत जातं. खोबरेल तेल लाकडी घाण्याचं असो, त्यात केशर घाला नाहीतर गाईचं दूध, कॉस्टिकशिवाय त्याची वडी होणार नाही. ‘आम्ही कॉस्टिक वापरतच नाही, तयार सोप बेस वितळवतो’ असं सांगणाऱ्यांच्या बेसमध्येही कॉस्टिक कुणीतरी आधीच मिसळलेलं असतं.

यावर उत्तर येतं, "पण डॉक्टर, तयार साबणात कॉस्टिक उरत नाही." अगदी बरोबर. माप अचूक असेल आणि प्रक्रिया पूर्ण झाली असेल, तर उरत नाही. मग तेवढंच लिहा ना! ‘यात कॉस्टिक सोडा वापरला आहे, नीट मोजल्यामुळे तो उरलेला नाही.’ हे खरं वाक्य आहे. ‘केमिकल-फ्री’ हे खोटं आहे. पहिलं वाक्य ऐकलेली बाई तांब्याऐवजी झाकणाचं भांडं शोधते आणि पोराला दुसऱ्या खोलीत पाठवते. दुसरं ऐकलेली पाठवत नाही.

त्यात आपल्या भाषेनेही घोळ घातलाय. खायचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा, तिन्ही ‘सोडा’च. पहिला ढोकळ्यात जातो, तिसरा तुंबलेल्या मोरीत. हार्डवेअरच्या दुकानात तो आजही किलोवर, साध्या पिशवीत बांधून मिळतो. पांढरा, निरुपद्रवी दिसणारा.

‘अंदाजपंचे’ इथे चालत नाही

स्वयंपाकात आपला हात अंदाजाचा. साबणात तो अंदाज त्वचा भाजतो. प्रत्येक तेलाला लागणारं कॉस्टिक वेगळं असतं. ५०० ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे ९१ ग्रॅम लागतं, ५०० ग्रॅम शेंगदाणा तेलाला सुमारे ६८ ग्रॅम. आता समजा, कृती खोबरेलाची होती आणि घरात शेंगदाणा तेल होतं, म्हणून तुम्ही तेल बदललं. सुमारे २३ ग्रॅम कॉस्टिक खायला तेलच उरलं नाही. ते त्या वड्यांतच राहणार, चार काय सहा आठवडे वाळवल्या तरी. वाळवल्याने पाणी उडतं, वडी कडक होते. चुकलेलं माप दुरुस्त होत नाही.

म्हणून जाणकार लोक कॉस्टिक मुद्दाम थोडं कमी घेतात, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहतं. ते ग्रॅमचा काटा वापरतात, चमचा नाही. आणि बऱ्याच ठिकाणी शिकवतात काय? ‘वडीला जीभ लावून बघा, झिणझिणलं तर अजून वाळवा.’ कॉस्टिक उरलंय का हे पाहायला जीभ वापरायची, हा सल्ला मी डॉक्टर म्हणून ऐकतो तेव्हा माझीच जीभ अडखळते.

नैसर्गिक म्हणजे सौम्य नव्हे

वरणाचा पिवळा डाग पडलेल्या पांढऱ्या शर्टाला साबण लावला की डाग लाल होतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. हळदीत चुना मिसळून कुंकू होतं, तीच ही गोष्ट. हळद अल्कलीत लाल होते. तुमच्या हाताने केलेल्या साबणानेही डाग लालच होईल, कारण खरा साबण अल्कलीच असतो. त्याचा पीएच साधारण ९ ते १० असतो, आणि निरोगी त्वचेचा ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आंबट.

त्यामुळे हाताने केलेल्या साबणावर ‘पीएच ५.५’ असं छापलेलं दिसलं की समजा, एक तर तो साबण नाही किंवा ते छापणं खरं नाही. इतक्या आंबट पीएचला साबण टिकतच नाही, त्याचं पुन्हा तेलकट आम्ल होतं.

निरोगी मोठ्या माणसाची त्वचा हा अल्कलीपणा काही वेळात सावरून घेते. बाळाची त्वचा तितकी तयार नसते. आणि ज्या मुलाला एक्झिमा आहे, त्याची त्वचा आधीच गळक्या छपरासारखी असते. ‘आमचा साबण एक्झिमा बरा करतो’ असं सांगून विकलेली वडी वापरल्यावर कोपराचे आणि गुडघ्यामागचे चट्टे लाल, ओले करून आलेली मुलं मी पाहतो. तिथे साबण कमी करणं आणि मॉइश्चरायझर भरपूर लावणं हाच पहिला उपचार, साबण कुणाचाही असो. वर सुगंधासाठी घातलेली तेलं! लॅव्हेंडर, लवंग, दालचिनी ही नैसर्गिक आहेतच, आणि त्यांची ॲलर्जीही तितकीच नैसर्गिक असते.

हे सगळं आधी घडून गेलंय

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या घराघरांत साबण करायला आणि साफसफाईला कॉस्टिक असायचं, आणि मुलं ते गिळायची. फिलाडेल्फियाचे डॉक्टर शेव्हेलियर जॅक्सन अशा मुलांच्या आकसलेल्या अन्ननलिका दुर्बिणीतून रुंद करायचे. पण नुसते उपचार करून ते थांबले नाहीत. डब्यावर ‘विष’ असं स्पष्ट छापलं पाहिजे, यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घातले, आणि १९२७ मध्ये तसा कायदा झाला. १९७० मध्ये तिथे घातक घरगुती पदार्थांना मुलांना न उघडणारी झाकणं लावण्यासाठी दुसरा कायदा आला.

त्यांनी जे डब्यावर लिहायला लावलं, तेच आपण शंभर वर्षांनी चिठ्ठीवरून पुसतोय. ‘केमिकल-फ्री’चा अर्थ माझ्यासाठी एवढाच आहे: पुसून टाकलेली धोक्याची सूचना.

मग साबण करायचाच नाही का?

करा की! माझा विरोध साबणाला नाही. नीट केलेला साबण छान असतो, ग्लिसरीन त्यातच राहतं, आणि बचत गटाच्या बायकांना त्यातून चार पैसे मिळत असतील तर आनंदच आहे. मात्र विकायचा असेल तर सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांप्रमाणे परवाना लागतो, हे शिकवणाऱ्याने पहिल्याच तासाला सांगायला हवं. ‘लहान उद्योगाला घाबरवू नका’ असं मला सांगणाऱ्यांना विचारतो, गॅसची शेगडी शिकवताना रेग्युलेटर बंद करायला सांगणं म्हणजे घाबरवणं का?

घरी करणाऱ्यांसाठी:

- मूल घरात जागं असताना कॉस्टिक काढू नका. गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्या हव्यातच.
- कॉस्टिक पाण्यात घाला, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतू नका.
- जर्मलचं म्हणजे ॲल्युमिनियमचं भांडं नको. कॉस्टिक ते खातं आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो.
- ताट, वाटी, तांब्या, पाण्याची बाटली, खाऊचा डबा यातलं काहीही वापरू नका. वेगळी भांडी, त्यावर मोठ्या अक्षरात ‘विष’, आणि कुलूप.
- उन्हाळी शिबिरात मुलांना शिकवायचं असेल तर तयार बेस वितळवू द्या. कॉस्टिक नाही.

आणि अपघात झालाच तर:

- त्वचेवर: कोरडी पूड आधी झटका, कपडे काढा, मग वाहत्या पाण्याखाली निदान २० मिनिटं. लिंबू, व्हिनेगर लावू नका.
- डोळ्यात: लगेच वाहतं पाणी, पापण्या उघड्या धरून २० ते ३० मिनिटं. मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.
- गिळल्यास: उलटी करवू नका. लिंबूपाणी, ताक, मिठाचं पाणी काही नको. तोंड धुवा आणि दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये तडक न्या. तोंडात भाजलेलं दिसत नाही म्हणून घरी थांबू नका. तोंड साफ असूनही अन्ननलिका भाजलेली असू शकते. डबा किंवा पिशवी सोबत घ्या.

या दिवाळीलाही मला कुणीतरी साबण देईल. मी तो घेईन. चिठ्ठीवर ‘कॉस्टिक सोडा वापरून, काळजीपूर्वक मोजून केलेला’ असं लिहिलेलं असलं, तर वापरेनही.