मुके सोबती : लघवी तुंबलेल्या बोक्याची घरातील शुश्रूषा

मार्केट यार्डातील एका धान्यव्यापारी कुटुंबाचे पत्र समोर आहे. त्यांच्या घरातील पाच वर्षांच्या बोक्याची लघवी तुंबली. दवाखान्यात नळी घालून मूत्रमार्ग मोकळा करावा लागला आणि तीन दिवसांनी तो घरी परतला. पत्रात तीन प्रश्न आहेत. पुढील दिवसांत त्याची निगा कशी राखावी? हा विकार पुन्हा उद्भवू नये म्हणून काय करावे? आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आहारात मांसाचा अंश आहे, तेव्हा श्रावकाच्या घराने काय करावे? तिसरा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, परंतु तो विचारण्याचा संकोच वाटतो. म्हणून तिन्ही प्रश्नांचा विचार येथे क्रमाने करू.

प्रथम विकाराचे स्वरूप ध्यानी घ्यावे. मांजरीच्या तुलनेत बोक्याचा मूत्रमार्ग लांब असतो आणि टोकाशी फार अरुंद होत जातो. त्यामुळे हा अडथळा बहुतांशी बोक्यांनाच होतो. सूक्ष्म स्फटिक, खडा, चिकट स्रावाची गुठळी किंवा नुसती सूज, यांपैकी काहीही तो मार्ग बंद करण्यास पुरेसे असते. अनेकदा मूत्राशयाच्या दाहाचे निश्चित कारण सापडत नाही. भीती, गजबज, घरातील बदल यांचा त्याच्याशी निकटचा संबंध असतो. मार्ग बंद झाला की लघवी मागे साचते, मूत्रपिंडांचे काम थांबते, रक्तातील पोटॅशियम वाढते आणि त्याचा आघात थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. उपचार न मिळाल्यास दोन-तीन दिवसांत प्राण जाऊ शकतो. बोका पुनःपुन्हा डब्यात जाऊन कुंथतो, तेव्हा घरच्यांना बद्धकोष्ठ झाले असे वाटते आणि मोलाचे तास निघून जातात. पत्रलेखक कुटुंबाने वेळीच दवाखाना गाठला, हीच त्यांच्या बोक्याची पुण्याई.

पहिले पंधरा दिवस

नळी निघाली म्हणजे संकट टळले असे नव्हे. मूत्रमार्ग आतून सोलवटलेला व सुजलेला असतो, त्याचे स्नायू आखडलेले असतात; म्हणून पुन्हा तुंबण्याचा धोका आरंभीच्या काही दिवसांत सर्वाधिक असतो. या काळात बोक्याला एका शांत खोलीत ठेवावे. त्याचा डबा, पाणी, अन्न आणि निजण्याची जागा त्याच खोलीत असावी. मात्र डबा अन्नपाण्यापासून दूर हवा. घरात दुसरे मांजर असल्यास त्याचा डबा निराळा ठेवावा, नाहीतर कोणाची लघवी किती झाली हे कळणारच नाही.

व्यापारी घराला हिशेबाची सवय असतेच. ती येथे उपयोगी पडते. एक लहान वही करावी. किती वेळा डब्यात गेला, किती वेळा लघवी झाली, गोळा केवढा होता, रंग कसा होता, अन्न किती खाल्ले, औषध केव्हा दिले, हे वेळेसह लिहावे. गोळा बांधणारी माती वापरल्यास हे मोजमाप सोपे जाते. निरोगी बोका दिवसातून साधारण २ ते ४ वेळा लघवी करतो. या दिवसांत तो थोडी थोडी व अधिक वेळा करील, काही दिवस तिला गुलाबी छटाही दिसेल. दाह ओसरेपर्यंत हे चालते. लघवी होते आहे ना, हा मुख्य प्रश्न.

वारंवार बसूनही थेंब पडत नसेल, कुंथताना तो ओरडत असेल, मूत्रद्वार सतत चाटत असेल, पोट कठीण लागत असेल, उलटी होत असेल किंवा तो अंग टाकून कोपऱ्यात पडला असेल, तर उजाडण्याची वाट पाहू नये. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, याची चौकशी बोका घरी आला त्याच दिवशी करून दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावून ठेवावा. घरी पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये. ताणलेले मूत्राशय फुटू शकते.

औषधांच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळाव्यात. वेदनाशामक व स्नायू सैल करणारी औषधे सांगितलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण द्यावीत. बोका खेळू लागला म्हणून मध्येच थांबवू नयेत. माणसांचे कोणतेही वेदनाशामक देऊ नये. पॅरासिटामॉल पचविण्याची क्षमता मांजराच्या यकृतात नसते आणि एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. तिसरी गोष्ट घरगुती उपायांची. मुतखड्यावर माणसांना दिले जाणारे काढे, चूर्णे व सोडायुक्त द्रावणे बोक्याला देऊ नयेत. सोड्याने लघवी अल्कधर्मी होते आणि या विकारातील एक प्रमुख स्फटिक नेमका अल्कधर्मी लघवीतच वाढतो. गळ्याभोवती कॉलर बांधलेली असेल तर त्याची केविलवाणी मुद्रा पाहून ती काढू नये; चाटण्याने सूज वाढते.

आणखी एक सूचना आपल्या घरांसाठी विशेष आहे. आपल्याकडे आजारपणात लंघन हितकर मानतात आणि उपवासाला तर तपाचा मान आहे. मांजराच्या देहाला मात्र उपवास सोसत नाही. दोन-तीन दिवस अन्न पोटात गेले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचून नवाच प्राणघातक विकार जडतो; स्थूल बोक्यांना हा धोका अधिक. चोवीस तास त्याने अन्नाला तोंड लावले नाही, तर डॉक्टरांना कळवावे.

पाणी आणि शांतता

मांजराचे पूर्वज रुक्ष, वाळवंटी प्रदेशातील. अल्प पाण्यावर निभावणारा आणि लघवी अतिशय घट्ट करणारा देह त्यांच्याकडून आजच्या मांजराला मिळाला आहे. त्याला तहानेची जाणीव कमी असते. लघवी जितकी पातळ, तितके स्फटिक जमण्याचे भय कमी. म्हणून पाणी पोटात जाण्याचे मार्ग आपणच वाढवायचे. उथळ व रुंद तोंडाची दोन-तीन भांडी वेगवेगळ्या जागी ठेवावीत. मिशा कडेला घासणारे अरुंद भांडे पुष्कळ मांजरांना आवडत नाही. पाणी रोज बदलावे. घरी गाळून उकळलेले पाणी वापरात असेल तर तेच गार करून द्यावे. काहींना वाहते पाणी प्रिय असते. त्यांच्यासाठी छोटे कारंजे मिळते. पिचकारीने बळेच पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

चोविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तानंतर पाण्याची भांडी आवरली जातात. हा नियम आपल्या व्रताचा आहे, बोक्याचा नव्हे. मांजर संधिकाळी व पहाटे सर्वाधिक जागे असते आणि पुष्कळ पाणी त्याच वेळी पिते. त्याचे भांडे रात्रभर भरलेले राहील, एवढी काळजी घरातील एका माणसाने घ्यावी.

शांततेचे मोलही औषधाइतकेच आहे. जेवढी मांजरे, त्याहून एक अधिक डबा, असा सामान्य नियम आहे. डबा दिवसातून दोनदा साफ करावा. घाण डबा टाळण्यासाठी मांजर लघवी रोखून धरते. पर्युषणात पाहुण्यांची वर्दळ, दिवाळीत फटाके, लग्नसराईत हलवाहलव, अशा वेळी त्याला लपण्यासाठी खोके, उंच फळी किंवा बंद खोली मिळू द्यावी. सारे कुटुंब यात्रेला निघणार असेल तर त्याला परक्या जागी नेण्यापेक्षा ओळखीच्या माणसाने घरी येऊन पाहणे बरे. त्या माणसाला वही कशी लिहायची हेही शिकवावे.

आहाराचा प्रश्न

आता तिसरा प्रश्न. मांजर स्वभावतःच नव्हे, देहरचनेनेही मांसभक्षी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही आणि वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसते. त्याच्या अभावी मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ साली संशोधकांनी दाखवून दिले. हृदयाचे स्नायू दुर्बळ होऊन हृदय फुगते, हे १९८७ साली सिद्ध झाले. अ जीवनसत्त्वही त्याला गाजरासारख्या पदार्थांपासून बनविता येत नाही. दूध-पोळी व दहीभातावर वाढलेली मांजरे आपण पाहतो. परंतु त्यांतील बहुतेक जण बाहेर शिकार करून उणीव भरून काढतात, हे आपल्या दृष्टीआड राहते.

लघवीच्या विकारात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. धान्य व भाजीपाल्याच्या आहाराने लघवी अल्कधर्मी होण्याकडे कल असतो आणि स्ट्रुव्हाइट जातीचे स्फटिक अशाच लघवीत तयार होतात. डॉक्टरांनी दिलेला विशेष आहार लघवी किंचित आम्लधर्मी ठेवतो व त्यात मॅग्नेशियम आणि फॉस्फरस मोजके असते. त्यामुळे स्ट्रुव्हाइटचे खडे काही आठवड्यांत विरघळूही शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे मात्र आहाराने विरघळत नाहीत. म्हणून खडा कोणत्या जातीचा होता, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. कोरड्या दाण्यांत पाण्याचे प्रमाण सुमारे १० टक्के, तर पाउचमधील ओल्या अन्नात ७५ टक्क्यांहून अधिक असते. या विकारात ओले अन्न हितकारक. आहार बदलताना जुन्या अन्नात नवे थोडे थोडे मिसळत आठवडा-दहा दिवसांत पूर्ण बदल करावा आणि त्यासोबत दूध, चीज, बिस्किटे देऊ नयेत. कृत्रिम टॉरिन घातलेला शाकाहारी आहार बाजारात दिसतो. पण ज्याची लघवी एकदा तुंबली आहे, त्याच्यावर डॉक्टरांच्या देखरेखीवाचून तो प्रयोग करणे म्हणजे पुन्हा त्याच संकटाला आमंत्रण देणे होय.

मग श्रावकाने काय करावे? धर्माचा निर्णय देण्याचा अधिकार या सदराला नाही. तो ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारावा. मात्र निर्णय घेताना एक गोष्ट विसरू नये. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध हा एक आहे. आश्रित जिवाला त्याच्या देहाला आवश्यक असे अन्न न मिळणे, हाही हिंसेचाच एक प्रकार. एकीकडे अन्नासाठी मेलेला जीव, दुसरीकडे दारात आलेला जीव. हा पेच खरा आहे आणि तो गोड शब्दांनी सुटणारा नाही. काही घरांत पाउच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत आणत नाहीत. गॅलरीत निराळी वाटी व चमचा ठेवून घरातील एक व्यक्ती ते काम पाहते आणि भांडी तेथेच धुते. काही घरांना तेवढेही मनाला पटत नाही. त्यांनी बोक्यासाठी असे दुसरे घर शोधावे, जेथे त्याला योग्य आहार निःसंकोच मिळेल; आणि औषधोपचाराचा खर्च आपण उचलावा. हे दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. आहार अर्धवट देणे, अथवा आजारी बोक्याला ‘तो आपले पोट भरेल’ म्हणून गल्लीत सोडणे, हे मात्र कोणत्याही अर्थाने जीवदयेत बसत नाही. ज्यांनी अद्याप मांजर घरी आणलेले नाही, त्यांनी हा विचार ते आणण्यापूर्वीच करावा.

काही बोक्यांना सर्व काळजी घेऊनही पुनःपुन्हा त्रास होतो. त्यांच्यासाठी मूत्रमार्गाचे तोंड रुंद करणारी शस्त्रक्रिया आहे. तिच्यानंतर तुंबण्याचा धोका पुष्कळ उतरतो, मात्र संसर्गाचा धोका काहीसा वाढतो आणि दाहाची मूळ प्रवृत्ती तशीच राहते. म्हणून पाणी, आहार व शांतता यांचे नियम त्यानंतरही पाळावे लागतात.

पत्रलेखक कुटुंबाने दहा-पंधरा दिवसांनी लघवीची तपासणी अवश्य करून घ्यावी व वही सोबत न्यावी. लघवी किती वेळा, किती आणि कशी झाली, याची नोंद पाहून पुढील उपचार ठरविणे डॉक्टरांना सोपे जाईल.