राग गाडीवर, पण इलाज कशावर?

चौकात एखादी उंच, रुंद गाडी हॉर्न वाजवीत अंगावर आली की दुचाकीस्वाराच्या तोंडून एक वाक्य हमखास निघते : 'रस्ता काय यांच्या बापाचा आहे?' जळगावच्या आकाशवाणी चौकात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर दिवसातून किती वेळा हे वाक्य उच्चारले जात असेल, याची गणती नाही. चूक तीच, पण गाडी लहान असली तर माणूस चरफडतो आणि पुढे जातो. गाडी मोठी असली की त्या रागात मालकाचा पैसा, त्याचे लागेबांधे, मागच्या काचेवरचे 'दादा' आणि 'भाऊ' हे सारे मिसळते. एसयूव्ही, फोर व्हील ड्राइव्ह किंवा साध्या भाषेत 'मोठी गाडी' हा आता शहरातल्या लोकांच्या संतापाचा विषय झाला आहे.

हा आरोग्याचा स्तंभ, येथे मोटारींचे काय काम, असे काही वाचक विचारतील. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती आणि १९.५ टक्के पायी चालणारी. म्हणजे दर दहा मृतांपैकी सहाहून अधिक लोकांच्या अंगाभोवती पत्र्याचे कवचच नव्हते. एखाद्या साथीने इतके बळी घेतले असते तर आपण घरोघरी फवारणी केली असती. हाही एक साथीचाच रोग आहे, आणि रोग म्हटला की त्याचे निदान करावे लागते. नुसता राग म्हणजे निदान नव्हे.

राग उगाच नाही

लोकांच्या संतापाला कारणे आहेत, हे आधी मान्य करू. ७ मे २०२४ रोजी जळगावजवळच्या रामदेववाडी येथे भरधाव मोटारीने दुचाकीला उडवले. एक आशा सेविका, तिची दोन मुले आणि भाचा असे चौघे गेले. गावोगाव फिरून लसीकरणाचे निरोप देणारी, बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचवणारी बाई आपल्या लेकरांसह रस्त्यावर मेली. संशयित बड्या घरचे असल्याची चर्चा जिल्हाभर झाली. अटक व्हायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला, आणि तीही पुण्याच्या कल्याणीनगरचे प्रकरण गाजल्यानंतर. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. आरोपी अल्पवयीन. जामीन देताना त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्याने देशभर संताप उसळला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाच अटक झाली. आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने मान खाली घालावी अशीच ती बातमी होती.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. पुण्याची ती पोर्शे काही उंच एसयूव्ही नव्हती. तरीही लोकांच्या मनात ती 'मोठी गाडी'च ठरली. याचा अर्थ लोकांचा राग खरे तर चाकांच्या आकारावर नाही. 'याला कोणी हात लावणार नाही' ही जी भावना अशा गाडीबरोबर रस्त्यावर येते, तिच्यावर तो राग आहे. आणि ती भावना गाडीच्या कारखान्यात तयार होत नाही. ती आपण, आपले पुढारी, आपली यंत्रणा मिळून तयार करतो.

परदेशातही हेच

हे दुखणे आपल्याकडेच आहे असे नाही. लंडनचे तेव्हाचे महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी २००४ साली शहरात फोर व्हील ड्राइव्ह चालवणाऱ्यांना सरळ मूर्ख म्हटले होते. ब्रिटनमध्ये २०२२ पासून एक गट रात्री मोठ्या गाड्यांच्या चाकांतली हवा सोडत फिरू लागला. त्यासाठी ते व्हॉल्व्हच्या टोपणात मसुराचा एक दाणा अडकवीत. पॅरिसने जरा वेगळी वाट धरली. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी तेथे मतदान घेतले गेले आणि बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचे पार्किंगचे दर तिप्पट करण्याच्या बाजूने साडेचोपन्न टक्के मते पडली. शहराच्या मध्यभागी तासाला १८ युरो. मतदानाला सहा टक्केही लोक आले नव्हते ही गोष्ट वेगळी, पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ते दर लागू झाले.

मसुराचा दाणा आणि मतपेटी हे दोन्ही एकाच रागाचे प्रकार आहेत. पहिल्याने एका माणसाची सकाळ खराब होते, कदाचित त्याच गाडीतून एखादा रुग्ण न्यायचा असतो. दुसऱ्याने नियम बदलतो. आपल्याला कोणता मार्ग धरायचा, हा खरा प्रश्न आहे.

वैद्यकीय वस्तुस्थिती

आता गाडीच्या आकाराकडे येऊ, कारण वैद्यकीय दृष्टीने आकाराला निश्चितच महत्त्व आहे.

ठेंगणी मोटार पायी चालणाऱ्याला धडकते तेव्हा तिचा बंपर गुडघ्याखाली लागतो. नडगीचे हाड मोडते, माणूस बॉनेटवर पडतो, डोके काचेवर आपटू शकते. इजा गंभीरच, पण पहिला घाव पायावर बसतो, आणि मोडलेला पाय जोडता येतो. उंच नाकाची गाडी धडकते तेव्हा पहिलाच घाव मांडी, कटिभाग, पोट किंवा छातीवर बसतो. यकृत, प्लीहा, फुप्फुसे, मोठ्या रक्तवाहिन्या, सारे ऐवज तेथेच आहेत. कटिभागाचे हाड फुटले की आतल्या आत लिटर-दोन लिटर रक्त वाहून जाते आणि बाहेरून साधा ओरखडाही दिसत नाही. शिवाय माणूस वर फेकला न जाता पुढे किंवा खाली ढकलला जातो आणि चाकाखाली सापडण्याचा धोका वाढतो.

अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गाड्यांचे बॉनेट ४० इंचांहून उंच आहे, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. ४० इंच म्हणजे साधारण १०१ सेंटिमीटर. आपल्याकडचे चार-पाच वर्षांचे मूल १०० ते ११० सेंटिमीटर उंच असते. म्हणजे मोठ्याला जो घाव कमरेवर बसेल, तो लेकराच्या तोंडावर आणि डोक्यावर बसतो. इतकेच नव्हे, तर असे मूल गाडीच्या अगदी पुढे उभे असेल तर स्टिअरिंगवर बसलेल्याला ते दिसतही नाही.

त्यात वजन धरा. लहान मोटार साडेसातशे-आठशे किलोची, मोठी एसयूव्ही दोन टनांची. समोरची दुचाकी शंभर-सव्वाशे किलोची, तिच्यावर नवरा, बायको आणि मध्ये मूल. आणि वजनापेक्षाही घातक तो वेग. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटरच्या धडकेतून बहुतेक पादचारी वाचतात. ५० च्या पुढे ती आशा झपाट्याने कमी होत जाते. उंच गाडीत बसलेल्याला रस्ता खाली आणि दूर दिसतो, आतला आवाज बंद असतो, त्यामुळे ८० चा वेग त्याला ५० सारखा वाटतो. बाहेर चालणाऱ्याला मात्र तो ८० सारखाच लागतो.

दुसरी बाजू

तथापि, सरसकट सर्व मोठ्या गाड्यांना शिव्या देणे खानदेशातल्या माणसाला तरी शोभत नाही. जीप आपल्याकडे चैन म्हणून आली नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर दुसरे वाहन चालतच नसे. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, शिरपूरच्या पाड्यांवरून अडलेली बाळंतीण जीपमधूनच तालुक्याला येई. प्राथमिक आरोग्य केंद्राची जीप आणि काळी-पिवळी टॅक्सी यांनी या भागात किती जीव वाचवले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आजही शेतकऱ्याच्या दारातली बोलेरो केळीच्या बागेत जाते, खताची पोती आणते आणि रात्री शेजारच्या आजारी म्हाताऱ्याला दवाखान्यात नेते.

गंमत अशी की शहरात मिरवणाऱ्या बहुतेक एसयूव्ही फोर व्हील ड्राइव्ह नसतातच. दोनच चाकांना ताकद, वर नुसता डोंगर चढण्याचा आव. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत आता निम्म्याहून अधिक वाटा या प्रकारच्या गाड्यांचा आहे. तेव्हा 'ते मोठ्या गाडीवाले' म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवावे, त्यांत आपले व्याही, आपला पुतण्या आणि आमचे डॉक्टरबंधूही आले. रोग परक्या घरचा राहिलेला नाही.

रागाचे दुष्परिणाम

राग हा स्वतःही एक आजार आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने रोज तीन चौकांत भांडण करून घरी यायचे आणि मग गोळी लागू पडत नाही म्हणायचे, याला अर्थ नाही. पण त्याहून गंभीर गोष्ट अपघातस्थळी घडते. जमाव आधी चालकाला बडवतो, मग काचा फोडतो, मग गाडी उलटी करतो. तेवढ्या वेळात जखमी माणूस रस्त्याच्या कडेला रक्त गाळीत पडून राहतो. पोटात रक्तस्राव होत असलेल्या माणसाला पहिल्या तासात शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचवायचे असते. त्या तासातली वीस मिनिटे आपण गाडीचा सूड घेण्यात घालवली, तर त्या मृत्यूत आपलाही वाटा आहे.

दुसरे असे की मार खाण्याच्या भीतीने चालक पळून जातो. काही जण तर पळण्याच्या नादात जखमीला फरफटत नेतात. पळणे हा गुन्हाच, त्याचे समर्थन नाही. परंतु जमावाची भीती त्याला पळायला मदत करते, हे विसरून चालणार नाही.

मग करायचे काय?

रागाचे रूपांतर मागणीत करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कायदे नवे करायलाच हवेत असे नाही. आहेत ते वापरले तरी पुष्कळ होईल.

गाडीच्या नाकावर लावलेली लोखंडी चौकट, म्हणजे बुल बार, केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवली. बंपर पादचाऱ्याला लागला तर थोडा दबतो. ही चौकट दबत नाही, हाड दबते. तरीही ती आपल्या दोन्ही शहरांत उजळ माथ्याने फिरते. काचांवरच्या काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली. चालकाची आणि पादचाऱ्याची नजरानजर झाली तर निम्मे अपघात टळतील, असे मला वाटते. काळ्या काचेआडून नजरानजर होत नाही.

अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. वाढदिवसाला पोराच्या हाती किल्ली देणाऱ्या पित्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

महामार्ग जळगाव शहराच्या पोटातून जातो. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. तोच आग्रह आता शाळांसमोरच्या वेगमर्यादेसाठी, चालता येईल अशा पदपथांसाठी आणि शाळा सुटण्याच्या वेळी फाटकासमोर मोठ्या गाड्या उभ्या राहू नयेत यासाठी धरावा. पालकांच्या गाड्यांच्या भिंतीतून वाट काढणारे मूल दोन्ही बाजूंच्या चालकांना दिसत नाही.

अपघात पाहिला तर आधी १०८ किंवा ११२ ला फोन करा. शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजू नका. मान आणि कंबर न वाकवता, तिघाचौघांनी मिळून उचला. जोराने वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. 'मला काही झाले नाही' म्हणणारा माणूस फिकट पडला असेल, घामाघूम असेल, तर त्यालाही दवाखान्यात न्या. मदत करणाऱ्याला पोलीस अथवा दवाखाना नाव-गाव सांगण्याची सक्ती करू शकत नाही. तसे संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातच दिले आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची केंद्र सरकारची योजनाही आहे. पैशांच्या विचाराने वेळ दवडू नका.

आणि मोठी गाडी बाळगणाऱ्यांना एक विनंती. येत्या रविवारी अंगणात गाडीचे इंजिन बंद करा, किल्ली खिशात टाका आणि घरातल्या चार-पाच वर्षांच्या मुलाला बॉनेटच्या अगदी पुढे उभे करा. मग स्टिअरिंगवर जाऊन बसा आणि ते दिसते का पाहा. दिसत नसेल, तर सोमवारी बाजारपेठेतून जाताना किती वेगाने जायचे, हे तुम्हाला कोणी सांगण्याची गरज पडणार नाही.