वर्दी नवी, दांडका तोच

‘पोलीस सुधारणा’ हा शब्द न्यूयॉर्कच्या गारेगार खोल्यांत जन्माला येतो आणि चौकीच्या दारात मरतो. तिथं फाटक्या माणसाला एकच सवाल असतो : पैसे आणलेस काय?

मी लायबेरियाबद्दल बोलतोय. अमेरिकेतल्या मुक्त गुलामांनी वसवलेला हा देश. १८४७ साली प्रजासत्ताक झाला. पण ज्यांच्या बेड्या तुटल्या त्यांनी तिथल्या मूळ माणसाला काय दिलं? १९०४ पर्यंत साधं नागरिकत्वसुद्धा नाही! काळ्यानंच काळ्याला गावकुसाबाहेर ठेवलं. १९३० साली राष्ट्रसंघाच्या चौकशीत उघडं पडलं की सरकारच्या फ्रंटियर फोर्सचे शिपाई माणसं धरून आणतात आणि फर्नांडो पोच्या मळ्यांवर राबायला जहाजात कोंबतात. पुढं १४ एप्रिल १९७९. तांदूळ महाग करायचा सरकारचा बेत होता. लोक रस्त्यावर आले आणि भात मागणाऱ्यांना गोळ्या मिळाल्या. म्हणजे युद्धानं तिथली वर्दी बिघडवली, हे साफ खोटं. ती घडवलीच होती गरिबाला धरायला.

मग १९८९ ते २००३, मधला थोडा काळ सोडला तर नुसतं युद्ध. अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली म्हणतात. २००३ च्या ऑगस्टात आक्राला तह झाला आणि कामाची वाटणी झाली : लष्कर अमेरिकेनं उभं करायचं, पोलीस युनोनं. सुरक्षा समितीनं १५०९ क्रमांकाचा ठराव करून १५,००० सैनिक आणि १,११५ पोलीस मंजूर केले.

आता यातली मेख बघा. युनोच्या बजेटातून पगार निघतो तो युनोच्याच साहेबाचा. लायबेरियाच्या शिपायाला गाडी, वायरलेस, चौकीला छप्पर पाहिजे, तर देणगीदार देशांपुढं झोळी पसरायची. मग कुणी इमारत देतो, कुणी गाड्या, कुणी प्रशिक्षण. जो तो आपल्या झेंड्याची पाटी लावतो. या सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायचं, त्याचं नाव ‘समन्वय’! किती शिकवले, किती गणवेश वाटले, याची मोजदाद वर जाते. किती बाया तक्रार न नोंदवता परत गेल्या, याचा रकाना कुठल्या कागदावर असतो, सांगा.

दहा वर्षांनी, २०१३ साली, ह्यूमन राइट्स वॉचनं अहवाल काढला. तक्रार नोंदवायला पैसे, पोलिसाला जाग्यावर न्यायला पैसे. आणि पोलीस तरी काय सांगत होते? पगार तुटपुंजा, सामान नाही, वर चढायचं तर साहेबाचा खिसा भरा. म्हणजे गरिबाच्या हातानं गरिबालाच सोलायचं. ही तऱ्हा आपल्याला काय नवीन आहे?

आणि ह्या कारभारात आपलं सरकारही होतं. जानेवारी २००७ मध्ये सीआरपीएफच्या बायांची तुकडी मन्रोव्हियात उतरली. युनोच्या इतिहासातली पहिली निव्वळ बायांची पोलीस तुकडी. नऊ वर्षं त्यांच्या तुकड्या बदलून बदलून तिथं राहिल्या. त्यांना बघून तिथल्या पोरी पोलिसात गेल्या. त्या बायांना माझा सलाम, यात खोट नाही. सवाल त्यांना धाडणाऱ्या दिल्लीला आहे. त्याआधी चारच महिने, २२ सप्टेंबर २००६ ला, सुप्रीम कोर्टानं प्रत्येक राज्याला बजावलं होतं की पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण नेमा. महाराष्ट्राला त्यासाठी कायदा बदलायला २०१४ उजाडलं. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी दहाजण पडले, त्या महाराष्ट्राला! तुकडी धाडायला चार महिने पुरतात, तक्रारीचं दार उघडायला आठ वर्षंही कमी पडतात. आमचं सरकार जगाला पोलीस पुरवतं, पण पोलिसाला जाब विचारायची खिडकी मात्र घरीसुद्धा उघडत नाही.

शहाणे म्हणतील, आधी शांतता, हिशेब मागाहून. मागाहून म्हणजे केव्हा? लायबेरियाच्या पोलीस कायद्यात नागरिकांचं तक्रार मंडळ आलं २०१६ साली, युनो सुरक्षेची सूत्रं हाती देऊन गाशा गुंडाळायला लागली तेव्हा. तेरा वर्षांनी! मार्च २०१८ ला तर मिशनच संपलं. जे पहिल्या दिवशी पाहिजे होतं ते निरोपाच्या दिवशी दिलं, आणि राखणदार निघून गेला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जिथं युद्ध थांबेल तिथं देणगीचा पहिला पैसा तक्रार ऐकणाऱ्या मंडळाला द्या, गाडी मागून. तक्रार फुकट नोंदली जाते की नाही हे बघा आणि मगच पुढचा हप्ता सोडा. आणि त्या समन्वयाच्या टेबलावरून दोन साहेब उठवा. २००३ साली पांढरे कपडे घालून मन्रोव्हियाच्या मासळीबाजाराजवळ उन्हापावसात बसून ज्या बायांनी तह मागितला, त्यांच्यासारख्यांना तिथं बसवा. पोलीस सुधारला की नाही हे दांडका देणाऱ्यानं सांगायचं नाही. ज्यानं तो पाठीवर खाल्ला, त्यानं सांगायचं.