गल्ली रहिवाशांची कीं वाहनांची ?

पुण्याच्या जुन्या पेठांतील गल्ल्या ज्या काळीं आंखल्या गेल्या, त्या काळीं त्यांवरून पायीं चालणारा मनुष्य, बैलगाडी, घोडा अगर पालखी यांखेरीज कांहीं जात नसे. पुष्कळ गल्ल्यांची रुंदी आजहि फारशी वाढलेली नाहीं; वाहनांची संख्या व वेग मात्र पार बदलला आहे. जिना उतरतांच पाऊल थेट रस्त्यावर पडतें. पदपथ नाहीं, दोन्ही अंगांस गाड्या उभ्या, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेनें हॉर्न वाजवीत दुचाक्या धांवतात. शाळेस निघालेल्या मुलानें किंवा देवळास निघालेल्या वृद्धेनें चालावें तरी कोठून, हा आमचा प्रश्न आहे.

यांतील पुष्कळ वाहनांचें त्या गल्लींत कांहींच काम नसतें. मोठ्या रस्त्यांवरील गर्दी, एकेरी वाहतुकीचा फेरा व चौकांतील दिवा चुकविण्यासाठीं चालक आडगल्ली धरतो, आणि तिकडे गेलेला वेळ येथें भरून काढूं पाहतो. मोठ्या रस्त्याचें ओझें अशा रीतीनें लहान गल्लीच्या माथीं मारलें जातें.

एवढ्याशा गल्लींत वेग तो कितीसा असणार, असें कित्येक विचारतात. त्यांनीं साधा हिशेब करून पाहावा. ताशीं ५० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारें १४ मीटर जाते; २५ वेगाची ७ मीटर. मूल दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. शिवाय वेग दुप्पट झाला म्हणजे आघाताची शक्ति चौपट होते. २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे दररोज सुमारें ९०. इतकीं माणसें एखाद्या सांथीनें मेलीं असतीं तर सर्वत्र हाहाकार झाला असता. रस्त्यावरील मरण मात्र आम्हांस अंगवळणी पडलें आहे.

कायदा अपुरा आहे, ही सबब कोणीं सांगूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ अन्वयें सार्वजनिक सुरक्षिततेसाठीं किंवा रस्त्याचें स्वरूप पाहून वेगाची मर्यादा कमी करतां येते. कलम ११५ अन्वयें एखाद्या भागांत वाहनांवर निर्बंध घालतां येतो. कलम ११६ अन्वयें तशा पाट्या लावतां येतात. १९४९ च्या महानगरपालिका कायद्याच्या कलम ६३ नें रस्ते राखणें व सुधारणें हें पालिकेचें बंधनकारक कर्तव्य ठरविलें आहे. पुणें महानगरपालिकेनें २०१६ सालीं पादचारी धोरणहि मंजूर केलें. अधिकार आहे, कर्तव्य आहे, धोरणहि आहे. नाहीं तो अंमल. पालिकेनें पोलिसांकडे बोट दाखवावें, पोलिसांनीं पालिकेकडे, आणि रहिवाशानें मुकाट्यानें हातपाय मोडून घ्यावे, हा कसला कारभार ?

वाहनें मंदावलीं तर गिऱ्हाईक तुटेल, अशी भीति आमच्या कांहीं व्यापारी बंधूंस वाटते. पण सुसाट जाणारा दुचाकीस्वार कोणत्या दुकानाची पाटी वाचतो ? माल घेतो तो थांबणारा मनुष्य, व तो अखेर पायींच दुकानाची पायरी चढतो. ११ डिसेंबर २०२१ रोजीं लक्ष्मी रस्त्यावर वाहनें बंद ठेवून पादचारी दिन पाळण्यांत आला, तो स्तुत्यच होय. परंतु उरलेल्या ३६४ दिवसांची वाट काय?

रहिवाशांसहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. दारापुढील सार्वजनिक जागा ही आपल्या गाडीची वडिलोपार्जित मिळकत आहे, हा समज त्यांनीं सोडावा. तसेंच मनास येईल तसे उंचवटे उभारून घेण्याचा आग्रहहि सोडावा. ताशीं २५ किलोमीटर वेगासाठीं इंडियन रोड्स काँग्रेसनें ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असें माप घालून दिलें आहे. त्याबाहेरचा ओबडधोबड उंचवटा म्हाताऱ्यांची कंबर मोडतो व रुग्णवाहिकेस अडवितो.

आमच्या मागण्या चारच आहेत. पेठांतील गल्ल्यांस ताशीं २० किलोमीटरची मर्यादा घालावी. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशीं मापाचा उंचवटा व ठळक पाटी असावी. एकेरी वाहतुकीची आंखणी अशी करावी कीं आडवाटेचा लोभच उरूं नये. आणि गाड्या एकाच अंगास उभ्या राहाव्या, मालाचे टेंपो दुकानें उघडण्यापूर्वीं रिकामे व्हावे. १९४७ पूर्वीं नगराच्या दुरवस्थेचा दोष परक्या सत्तेवर ठेवतां येत असे. आज कायदा आमचा, पालिका आमची व मतहि आमचें; तेव्हां दोषहि आमचाच. शाळा जूनमध्यें उघडतात. निदान शाळांभोंवतालच्या गल्ल्यांत तरी त्यापूर्वीं आरंभ व्हावा. एखादें मूल चिरडलें जाईपर्यंत थांबूं नये.